मण्यातले हसू

एका राज्यात, जिथे पोपट पंचांग सांगत आणि डोंगर वर्षातून एकदा कूस बदलत, तिथे एक जुनी रीत होती. म्हाताऱ्या माणसाला काही विचारायचे, तर आधी त्याच्या हातातले काम आपल्या हाती घ्यायचे. काम अर्धे झाले की बोलणे आपसूक सुरू होई. गुराख्यांना ही रीत ठाऊक होती, सुतारांना ठाऊक होती. राजवाड्यात मात्र ती कोणालाच ठाऊक नव्हती, कारण तिथे कोणाच्या हाताला कामच नव्हते.

राजपुत्र उदयसेन सात वर्षांचा झाला, त्याच सकाळी त्याची पावले दगडाची झाली. दुपारपर्यंत घोटेही गेले. राजवैद्य म्हणाले, "हा शाप आहे. परवा सूर्य मावळताना दगड ओठांशी पोहोचेल. पुढे उपाय नाही."

उदयसेनाची थोरली बहीण शर्वरी. आई गेल्यावर तिनेच त्याला अंगाखांद्यावर खेळवले होते. तिने पालख्या पाठवून राज्यातले शंभर वृद्ध दरबारात आणवले आणि विचारले, "शाप कसा उतरतो, सांगा." म्हातारे रिकामे हात मांडीवर ठेवून गालिच्यावर अवघडून बसले. एकालाही काही आठवेना. शर्वरी संतापली. तिला वाटले, हे मुद्दाम गप्प आहेत.

खिडकीतला भारद्वाज पक्षी म्हणाला, "राजकन्ये, विहीर का दरबारात येते? तिच्यापाशी जावे लागते, आणि दोर आपणच ओढावा लागतो. उद्या नदीवर जा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच शर्वरी नदीवर गेली. दरबारात मुका बसलेला केरबा नावाडी तिथे नाव सोडत होता. तिने त्याच्या हातातले वल्हे घेतले. नाव जागच्या जागी गरगर फिरू लागली. शर्वरीच्या तळहाताला फोड आले, पण तिने वल्हे सोडले नाही.

"ताईसाहेब, तुमची नजर पलीकडच्या काठावर आहे," केरबा म्हणाला. "काठ कुठे पळून जात नाही. आधी पाणी बघा."

तिने पाणी पाहिले. नाव सरळ झाली.

"भाऊ बरा व्हावा, हा तुमचा काठ," तो पुढे म्हणाला. "शाप कोणी दिला, का दिला, हे मधले पाणी. ते तुम्ही विचारलेच नाहीत. पलीकडे सगुणा कुंभारीण आहे, तिला विचारा."

सगुणा नव्वदीची होती आणि माती तुडवत होती. शर्वरीने पैंजण काढले, पदर खोचला आणि चिखलात उतरली. दोघी मिळून पायांनी खडे शोधू लागल्या. बराच वेळ गेल्यावर म्हातारी बोलली.

"मडके भट्टीत फुटते, पोरी, आणि लोक आगीला बोल लावतात. खडा मात्र माती मळतानाच राहिलेला असतो. तुझ्या बापाच्या मुकुटात लाल मणी आहे ना? तो कुठून आला, ते त्याला विचार."

राजा वज्रसेन मुलाच्या दगडी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. शर्वरीने विचारले, तेव्हा त्याने मुकुट उतरवला.

"आजवर सांगत आलो की मणी लढाईत जिंकला," तो म्हणाला. "खोटे होते ते. धुक्याच्या डोंगरावर धूम्रनाथ जादूगार राहतो. तरुणपणी शिकारीला गेलो असता त्याच्या हातातून मी तो हिसकावला. चमकत होता, म्हणून हवा होता. तो म्हणाला होता, तुझा मुलगा सात वर्षांचा होईल, तेव्हा तुला कळेल. मी हसलो होतो."

शर्वरीला बापाची लाज वाटली आणि दयाही आली. तिने मणी घेतला आणि निघाली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना ती डोंगरावर पोहोचली. धूम्रनाथ उंबऱ्यात बसून परकर शिवत होता. मागे खुंटीवर परकरांची रांग होती, प्रत्येक आधीच्याहून चार बोटे लांब, पण एकही कधी कोणी नेसलेला नव्हता. त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना सुईचे नाक दिसत नव्हते.

शर्वरीने सुई घेतली, दोरा ओवला आणि काठ शिवायला बसली. ऊन उतरत होते, भावाचा गळा आता दगडाचा झाला असेल, हे तिला कळत होते. तरी तिने एक टाकाही मोठा घातला नाही.

"मुलीचे नाव काय होते, बाबा?"

म्हाताऱ्याने शिवलेल्या काठावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "इंदू. सातव्या वर्षी तापाने गेली. जाण्याआधी एकदा हसली, ते हसू मी मण्यात ठेवले."

तिने मणी त्याच्या ओंजळीत ठेवला. त्याने तो कानाशी नेला. आत एक लहान मूल हसत होते.

"दगडाचे मूल पुन्हा जिवंत करायला दुसऱ्या मुलाचे हसू लागते," धूम्रनाथ म्हणाला. "मणी फोडला तर तुझा भाऊ उठेल. मग माझ्यापाशी काही उरणार नाही."

शर्वरीने हात जोडायला हवे होते. त्याचसाठी तर ती आली होती. पण मांडीवर तो परकर होता, आणि तिच्याने ते हसू मागवेना. ती नुसती रडू लागली.

"भावाला काय आवडते?" म्हाताऱ्याने विचारले.

"कच्च्या चिंचा. दात आंबतात, तरी खातो."

"इंदूही तशीच," तो म्हणाला, आणि त्याने मणी उंबऱ्यावर आपटला.

त्या क्षणी राजवाड्यात उदयसेन हसला. ते हसू त्याचे नव्हते, मुलीचे होते. दगड पापुद्र्यासारखा गळून पडला. राजाने ते हसू ओळखले. मुकुटातून ते रोज त्याच्या कानी पडत असे, आणि त्याने कधी लक्ष दिले नव्हते.

आठवड्याने शर्वरी धूम्रनाथाचा हात धरून त्याला राजवाड्यात घेऊन आली. राजा अनवाणी दारापर्यंत आला. त्याने पागोटे म्हाताऱ्याच्या पायांवर ठेवले आणि क्षमा मागितली. धूम्रनाथाने त्याला उठवले, पण नजर त्याच्यावर नव्हती. अंगणात उदयसेन मांजरामागे धावत होता.

"मुली," म्हातारा हळूच म्हणाला, "त्याला जरा हसवशील?"