एलियाहूची खुर्ची

अलिबागकडच्या एका सिनेगॉगमध्ये फेलोशिपच्या मुलाखती चालल्या होत्या. वर्षभर यहुदी धर्मग्रंथ शिकायचे आणि समाजाचं पुढारपण करायला तयार व्हायचं, अशी ती फेलोशिप. जागा एकच उरली होती आणि एलिशेबा तळकरचा सगळा जीव तिच्यात अडकला होता.

समितीचे अध्यक्ष एझ्रासाहेब मुंबईहून आले होते. सिनेगॉगची पायरी त्यांनी कित्येक वर्षांत चढली नव्हती. आल्या आल्या सगळ्यांत उंच, मखमली खुर्ची पाहून ते तिच्यात बसले. त्यांना सांगणार कोण?

"गावात राहून पुढारपण येतं होय गं?" ते एलिशेबाला म्हणाले. "पुढारी नुसत्या शब्दाने माणूस हलवतो. मला हात न लावता इथून उठव. उठलो तर जागा तुझी, नाहीतर घरी जाऊन नारळ सोल."

शेजारच्या खोलीत तान्हं बाळ रडत होतं. एलिशेबाने तिकडे कान दिला आणि अदबीने म्हणाली, "साहेब, ही एलियाहू नबीची खुर्ची. एरवी रिकामीच असते. जन्मानंतर आठव्या दिवशी मुलाला हिच्यावर ठेवतात आणि मग त्याची सुंता होते. आज तोच कार्यक्रम आहे. सुंता करणारे मोहेलकाका पेटी घेऊन दाराशी आलेत. ते फार बोलत नाहीत. खुर्चीत जो असेल, त्याचं उरकतात. बोलावू?"

एझ्रासाहेब उभे होते.

"जागा तुझी," ते म्हणाले.

पुढे गोड पोह्यांचा मलिदा वाटताना कुणीतरी त्यांना साधी लाकडी खुर्ची आणून दिली. साहेबांनी आधी एलिशेबाकडे पाहिलं.

"ही कुणाची?"