थेट जोडणी

एकदा एक हळदीचे व्यापारी आपले जुने, खेळातल्या रेल्वेचे इंजिन घेऊन सांगलीतल्या एका वृद्ध कारागिराकडे आले. हे कारागीर अशी छोटी इंजिने दुरुस्त करीत, आणि त्यांच्याकडे शिकणारे त्यांना गुरुजी म्हणत. व्यापाऱ्यांचे नाव अण्णासाहेब मगदूम. तरुणपणी हौसेने घेतलेले त्यांचे इंजिन रुळांत वीज सोडली की धावे, वीज वाढवली की वेग घेई. पण त्याच रुळावर दुसरे इंजिन ठेवले, तर दोन्ही एकदमच पळत. म्हणून अण्णासाहेबांना ते डिजिटल करून हवे होते. तसे केले की इंजिनाच्या पोटात एक चिप बसते, आणि प्रत्येक इंजिन केवळ स्वतःसाठी आलेला हुकूम ऐकते.

गुरुजींची शिष्या शाल्मली हिने इंजिन चालवून पाहिले. ते उत्तम चालत होते. ती चिप बसवू लागली, तोच गुरुजींनी तिला थांबवले. त्यांनी इंजिन उघडले, मोटारीला धातूच्या सांगाड्याशी जोडणारी एक बारीक पितळी पट्टी काढून टाकली, मोटारीखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवला आणि इंजिन पुन्हा रुळावर ठेवले. वीज सोडली. इंजिन जागचे हलले नाही. गुरुजींनी बटण शेवटपर्यंत फिरवले, तरी ते निश्चलच राहिले. गुरुजींच्या मुद्रेवर मात्र समाधान उमटले.

अण्णासाहेब अस्वस्थ झाले. शाल्मलीलाही काही उलगडेना. तिने विचारले, "गुरुजी, चालते इंजिन बंद पाडून काय साधले?"

गुरुजी म्हणाले, "इतकी वर्षे ही मोटार रुळातली वीज सांगाड्यातून थेट घेत आली आहे. यापुढे तिने ती चिपकडूनच घ्यायची. जुनी वाट उघडी ठेवून चिप बसवली, तर मोटारीला दोन्हीकडून वीज मिळेल आणि चिप जळून जाईल. मग आपण म्हणू, चिपच कच्ची निघाली. म्हणून रुळाच्या सांगण्यावरून मोटार हलत नाही, याची आधी खात्री करायची."

नंतर शाल्मलीने चिप बसवली. इंजिन इतके सावकाश निघाले, की चाकाचा एकेक आरा वेगळा दिसत होता. त्याच रुळावर ठेवलेले, चिप असलेले दुसरे इंजिन जागीच उभे होते. तिने कुतूहलाने अण्णासाहेबांचे इंजिन पुढे नेले, मागे आणले, पुन्हा पुढे नेले. अण्णासाहेबांचे तिकडे लक्ष नव्हते.

मग ते बोलू लागले. गेल्या वर्षी त्यांनी पेढी मुलीच्या, पद्मजाच्या, स्वाधीन केली होती. तरीही रोज सकाळी ते पेढीवर येऊन बसत आणि माणसांना परस्पर सूचना देत. तिने माल पाठवा म्हणावे, यांनी थांबवा म्हणावे. पुण्याला नोकरी मिळते आहे, असे तिने कालच घरी सांगितले होते.

"आणि मी लोकांना सांगत होतो, की तिला धंदा झेपला नाही," ते म्हणाले.

गुरुजींनी इंजिन कापडात गुंडाळून त्यांच्या हाती दिले.

दुसऱ्या दिवशी पेढीवरचे दिवाणजी नेहमीप्रमाणे अण्णासाहेबांपाशी आले. मिरजेचे गिऱ्हाईक बसले होते, त्याला काय भाव सांगायचा, हे त्यांना विचारायचे होते. भाव अण्णासाहेबांच्या ओठांवर होता. पण ते म्हणाले, "ताईंना विचारा."

दिवाणजी घोटाळले आणि तिथेच उभे राहिले. अण्णासाहेबांनी रस्त्याकडे तोंड फिरवले. गिऱ्हाईक चुळबुळ करू लागले, तरी ते वळले नाहीत. अखेर आतून पद्मजाने दिवाणजींना हाक मारली आणि भाव सांगितला. अण्णासाहेबांच्या मनातल्या भावाहून तो थोडा कमी होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.

पुण्याला नकार तिने अजून कळवला नव्हता. पण पेढी बंद करताना तिने दिवाणजींना उद्याची कामे नेमून दिली, आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "अण्णा, उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल."