साहेबांचं भाषण आणि वामनतात्यांचं बटण

स्पर्धेत चार मैदानांवर एकाच वेळी कबड्डी चालायची. घरोघरी टीव्हीवर कुठलं मैदान दिसावं, हे वामनतात्या बटण दाबून ठरवायचे. यंदा वाहिनीच्या रणदिवे साहेबांनी ते काम क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या यंत्राला दिलं. जिथे खेळ रंगेल, तिथलं चित्र ते आपोआप लावणार होतं.

"तात्या, उद्यापासून येऊ नका. यंत्र चुकत नाही."

"बरं साहेब. मग आज तुमच्या उद्घाटनाच्या भाषणातही मी बटणाला हात लावत नाही."

"अजिबात लावायचा नाही!"

साहेब पहिल्या मैदानावर यंत्राचं कौतुक करू लागले. तेवढ्यात तिसऱ्या मैदानावर मुलींचा संघ सरावाला उतरला. टाळ्या वाजल्या, त्या साहेबांना आपल्याच वाटल्या. मग त्यांनी टीव्हीवरचंच चित्र दाखवणाऱ्या समोरच्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं. तिथे मुली चढाया करत होत्या.

साहेब तरातरा तात्यांकडे आले. "मला कुणी काढलं?"

"यंत्रानं. ते चुकत नाही म्हणालात ना?"

"अहो, घरचे बघतायत! मला परत लावा!"

"लावतो की," तात्या सावकाश म्हणाले. "पण उद्या समारोपालाही तुमचंच भाषण आहे. तेव्हा कुणाला सांगाल?"

साहेबांनी घाम पुसला. "उद्या जरा लवकरच या, तात्या."