शनिवारी फिरलेला घाणा

अष्टागरात आंबेसर नावाचे गाव होते. तिथे बेने इस्राएल तेल्यांची पंधरा घरे. शब्बाथ म्हणून शनिवारी त्यांचे घाणे बंद आणि बैल मोकळे. त्यावरून सारा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणे. गावोगाव फिरून लग्ना-मयताच्या प्रार्थना चालवणारे शेलोमजी काजी तिथे वर्षातून दोनदा येत. हे काजीबाबा, भावांनी खड्ड्यात टाकलेल्या योसेफाचे कीर्तन करू लागले की बायका डोळ्यांना पदर लावत आणि पुरुषही हळूच नाक पुसत. पुसून घरी जात, एवढेच!

त्या गावात हनोख आणि रहमीम हे सख्खे भाऊ. बापाने मरताना आशीर्वादाचा उजवा हात धाकट्या रहमीमच्या डोक्यावर ठेवला आणि घाणा त्याला दिला. तेव्हापासून हनोखच्या पोटात जे दुखू लागले ते थांबलेच नाही. एका शनिवारी त्याने गुपचूप भावाचा बैल घाण्याला जुंपला, त्याच्या डोळ्यांवर ढापणे बांधली, तीळ ओतले आणि स्वतः साळसूदपणे प्रार्थनेत जाऊन बसला. ढापणे बांधलेला बैल हाकणाऱ्याशिवायही फिरत राहतो. करकर ऐकून रहमीम आजारी आईच्या उशापासून उठला, परसात धावला आणि बैल सोडू लागला. लोक पोचले तेव्हा त्यांना दिसले ते इतकेच, की शनिवार आहे आणि रहमीमच्या हातात जू आहे.

आई मिलकाबाई कळवळून म्हणाली, "अरे, तो सकाळपासून माझ्यापाशी होता!"

"लाडक्यासाठी आई दुसरं काय बोलणार?" हनोख हसला.

रहमीम वाळीत पडला. त्याच्याशी कोणी हातबोशी करीना. प्रार्थना संपली की एकमेकांचे हात हातांत घ्यायचे आणि मग आपली बोटे ओठांना लावायची, ही त्यांची रीत. तीन महिने रहमीम प्रार्थनाघराच्या दाराबाहेर उभा राहून शेमाची प्रार्थना म्हणे आणि रिकाम्या हातांनी परत जाई.

एका शुक्रवारी दुपारी मिलकाबाई गेली. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार, मग माती देता येणार नाही. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. रहमीम दारोदार फिरला. एकही उंबऱ्याबाहेर आला नाही. देवाची कृपा, की बाबा त्याच दिवशी गावात आले! सारे ऐकून ते तडक हनोखच्या ओटीवर गेले. तिथे बारा-तेरा जण जेवत बसले होते.

"हनोखा, तुझी आई गेली," बाबा म्हणाले.

"शब्बाथ मोडणाऱ्याच्या घरात मी पाऊल टाकणार नाही, काजीबाबा. धर्म आईहून मोठा."

"योसेफाला खड्ड्यात टाकून त्याचे भाऊ असेच भाकरी खायला बसले होते."

"कीर्तनं कीर्तनात ठेवा! भटकणाऱ्याला घरादाराचं काय कळणार?" हनोख म्हणाला. दोघे-तिघे हसलेसुद्धा.

बाबा रागावले नाहीत. "बरं. मग हात तरी दे. निघताना हातबोशी करू."

हनोखने हात धुऊन पुसले आणि पुढे केले. बाबांनी ते हातांत घेतले मात्र, त्याच्या तळव्यांतून तेल पाझरू लागले! तिळाचे, ताजे तेल. त्याने धोतराला हात पुसले, तेल थांबेना. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले, शेणाने सारवलेल्या ओटीवर टपकले. जेवणारे घास टाकून उठले.

"कोणत्या दिवशीचं आहे हे?" बाबांनी विचारले.

"शनिवारचं," हनोख कसाबसा म्हणाला. "बैल मी जुंपला. बापानं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही हो!"

मग मात्र सारे गाव धावले. खांदा द्यायला आता रेटारेटी! सूर्य बुडायच्या आत मिलकाबाईला माती मिळाली.

कबरीपाशीच हनोख बाबांच्या पायांवर कोसळला. बाबा बाजूला सरले. "माझं काय घेतलंस तू? तिकडे जा."

तो धाकट्या भावापुढे गुडघे टेकून वाकला. तेल थांबले होते. रहमीमने त्याचे हात हातांत घेतले, आपली बोटे ओठांना लावली आणि म्हणाला, "दादा, मी माफ केलं. पण आई रोज विचारायची, हनोख आला का. मी रोज सांगायचो, उद्या येईल."

हनोखने कपाळ ओल्या मातीला टेकले. बाबांनी प्रार्थना सुरू केली. त्याला कोणी उठवले नाही.