स्वस्तातले शेंगदाणे

माणसांच्याही आधी जंगलात बाजार भरत असे, तेव्हाची गोष्ट. पिंपळाच्या ढोलीतले खारआजोबा घासाघीस करण्यात पटाईत होते. दर बाजारी ते चिंचोके मोजून पोतंभर शेंगदाणे आणत आणि जुन्या पोत्यांपुढे रचून ठेवत.

"आजोबा, निघण्याआधी मागची पोती तरी बघा," नात चिटकी म्हणाली. "आधी ती संपवू. आईला पिल्लं झालीत, पावसाळा तोंडावर आलाय."

"चार बुकं वाचलीस म्हणून मला बाजार शिकवतेस? स्वस्त आहे तोवर घ्यावं!"

चिटकी स्वतःच मागे शिरू लागली, तर आजोबांनी तिला शेपटी धरून बाहेर ओढलं. "घरात मोठे आहेत अजून."

पावसाची झड लागली आणि बाजार बंद पडला. पुढचं पोतं संपलं. मागच्या सगळ्या पोत्यांत काळी बुरशी निघाली. आईचं दूध आटलं. तिसऱ्या दिवशी सर्वांत धाकटं पिल्लू गेलं.

आजोबा पुटपुटले, "घेतले मात्र अगदी स्वस्तात होते."

चिटकी सडकी पोती बाहेर ओढत होती आणि ती संपतच नव्हती.