लांबचं औषध

“पुडीत काय घालता बाबा, ते आधी सांगा. मग पुढची पुडी घेतो.”

हिंदुराव टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीवर धापा टाकत बसले होते. हसनबाबा फकीर अंगण झाडत होते.

“का? गुण नाही आला?”

“आला. तीच तर भानगड आहे.”

गडी तालेवार. बागाईत ऊस, दारात गाडी, आणि पोट एवढं की स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, वजन असंच राहिलं तर पुढची सुगी दिसायची नाही. तेव्हा घाबरून ते इथं आले. बाबांनी भरडलेल्या औषधाच्या पुड्या दिल्या आणि बजावलं, दोन्ही वेळा ताकात शिजवून हेच प्यायचं, दुसरं काही तोंडात घालायचं नाही.

सदरे ढिले झाले, तसा हिंदुरावांचा संशय वाढला. बिस्किटाच्या पुड्यात काय असतं, हे त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. फकिराच्या पुडीवर मात्र डोळ्यांत तेल घालून नजर होती.

“मेहुणा म्हणतो, पारा असेल.”

“नाही.”

“अफू?”

“नाही.”

“मग चव ओळखीची कशी लागते? लहानपणी कुठंतरी...” हिंदुराव थांबले. “तिथंच पाल चुकचुकते.”

बाबांनी झाडू भिंतीला टेकवला.

“राळं आहे.”

“राळं...? आमच्या बांधावर येतं ते बारीक धान्य?”

“तुझ्याच बांधावरचं. तुझी बायको दर गुरुवारी इथल्या पाखरांना टाकायला आणते. त्यातलं थोडं मी भरडून ठेवतो.”

हिंदुराव लालबुंद झाले.

“म्हणजे पाखरांचा दाणा मला चारलात? पाव्हण्यारावळ्यांत कळलं तर तोंडात शेण घालतील माझ्या.”

“पाखरू कधी धापा टाकताना बघितलंस?”

“चेष्टा नका करू बाबा. मरणाला भ्यालोय मी. राळ्यानं माणूस जगत असता, तर डॉक्टर कशाला लागले असते? मला खरं औषध द्या. लांबचं, जालीम.”



बाबांनी बांधून ठेवलेली पुडी उचलली, सोडली आणि अंगणात ओतली. चिमण्या उतरल्या.

हिंदुरावांचा हात नकळत पुढं झाला होता. त्यांनी तो मागं घेतला.

बाबा आत गेले आणि हिरव्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी घेऊन आले.

हिंदुरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. मग हुंगली. मग राहवेना म्हणून गाठ सोडली. आत पिवळे, बारीक, अख्खे दाणे होते.

“बाबा... हे तर तेच.”

“हो.”

“मी लांबचं मागितलं होतं.”

“लांबचंच आहे,” बाबा म्हणाले. “तुझ्या बांधावरून तुझ्या ताटात यायला त्याला तुझा जन्म लागला.”