एकदांडीचा पाला

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात भागाई नावाची एक विधवा राहत होती.

कुणाच्या बोटाला विळा लागो, कुणाचा गुडघा फुटो, गाव धावायचं भागाईकडे. ती आत जाऊन दार लावायची, हिरवा रस घेऊन यायची, जखमेवर पिळायची. रक्त थांबायचं, हळूहळू कातडी धरायची. "भागाईच्या हाताला गुण आहे हो!" लोक म्हणायचे आणि ते ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हाताला कसला गुण! गुण होता एकदांडीच्या पाल्याला. लांब दांड्यावर एवढंसं पिवळं फूल येतं ना, तेच रोपटं. बांधावर, उकिरड्यावर, अगदी दारातसुद्धा उगवायचं. म्हणूनच भागाईच्या जिवाला घोर. उद्या कुणी ओळखलं तर तिला विचारणार कोण? मग तिनं सरळ सांगून टाकलं, "त्या पिवळ्या फुलाला हात लावू नका रे. विषारी आहे. हात सडेल."

गावानं ऐकलं. तिची एकुलती लेक मैना, तिनंही ऐकलं. लेकीला तरी खरं सांगावं? पण पोर बडबडी, तोंडात तीळ भिजायचा नाही. सांगू पुढं कधीतरी, म्हणून भागाई गप्प राहिली.

एकदा राजवाड्यातून बोलावणं आलं. राजकन्येला गुलाबाचा काटा लागला होता. ओरखडा तो केवढा! पण भागाई गेली, मानपान घेतला, गोडधोड खात तिथंच रमली.

इकडे कापणीत मैनाच्या पायाला विळा लागला. फार नाही, थोडंसंच. ती टेकली तो बांध पिवळ्या फुलांनी भरलेला. शेजारीण ओरडली, "अगं, सरक तिथून! विषारी आहे ते!" मैना लंगडत सरकली. मग बायांनी शेतातली माती जखमेत दाबली आणि वर चिंधी बांधली.

भागाई परतली तेव्हा पाय सुजून काळानिळा पडला होता, अंग तव्यासारखं तापलं होतं. ती धावत बांधावर गेली, ओंजळभर पाला आणला, चोळू लागली. पण पाला ओरखड्याचा. मातीचं विष अंगभर चढल्यावर तो काय करणार? मैनानं डोळे उघडले आणि आईचा हात ढकलला.

"टाक ते, आई. तुझा हात सडेल गं."

"नाही गं माझे बाई! खोटं बोलले मी. औषध आहे हे!"

मैनाला ते कळलं की नाही, देव जाणे. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मग भागाई दारोदार फिरली. पाला दाखवायची, ऊर बडवायची, "हेच ते औषध, लावा रे!" लोक हळहळायचे. "पोरीच्या दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं," म्हणायचे आणि मुलांना घरात घ्यायचे. एका सकाळी गावानं मिळून एकदांडी मुळासकट उपटली आणि जाळली. भागाई उंबऱ्यात बसून धूर बघत राहिली. पुढं कुणाला विळा लागला, तर तिच्याकडे कुणी येईना. लोक माती दाबायचे.

तेव्हा लक्षात ठेवा, चारचौघांच्या उपयोगाचं ज्ञान जो खोट्याखाली पुरतो, त्याला ते स्वतःच्या गरजेलाही उकरून काढता येत नाही.